नोव्हेंबरचा गुरुवार आणि परदेशातला दस्तरखान



ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा घरांतून ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे पत्रं आणि फोन येऊ लागतात. या वेळचं एक पत्र चिपळूणजवळच्या गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या बाईंची मुलगी दोन वर्षांपूर्वी निकाह होऊन न्यू जर्सीला गेली. जावई मराठवाड्यातले, संगणकाच्या नोकरीत. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे एक गुरुवार येतो. दुकानं, कचेऱ्या, शाळा सगळं बंद, आणि घरोघर मोठं जेवण. गेल्या वर्षी त्या दिवशी मुलगी घरात एकटीच बसून राहिली, कारण जावयांची ड्युटी होती. या वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी दोघांना जेवायला बोलावलं आहे, आणि मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी मीच सगळ्यांना बोलावते. आईने विचारलं आहे, हा ख्रिस्ती लोकांचा सण आहे का? तिथलं जेवण आपल्याला चालेल का? आणि मुलीला फोनवर काय सांगू?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून तो शेवटीच घेऊ. आधी हा गुरुवार आहे तरी काय, ते बघू.

या दिवसाला थँक्सगिव्हिंग म्हणतात, म्हणजे शुक्र अदा करण्याचा दिवस. अमेरिकेत तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. शेजारच्या कॅनडात थंडी लवकर येते, पिकं लवकर निघतात, म्हणून तिथे तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. मुळात हे सुगीचं जेवण आहे. पीक घरात आलं की माणूस खूश होतो, चार लोकांना बोलावतो. आपल्याकडे भात झोडून झाला की घरात जी हवा असते, तीच.

कहाणी अशी सांगतात. 1620 साली मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून 102 माणसं इंग्लंडहून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. वस्ती केली त्या जागेचं नाव प्लिमथ ठेवलं. पहिल्या हिवाळ्यात थंडीने आणि आजाराने त्यांतली जवळजवळ निम्मी दगावली. उरलेल्यांना वाचवलं ते तिथल्या मूळच्या लोकांनी, म्हणजे वाम्पानोआग लोकांनी. त्यांच्यातला टिस्क्वांटम नावाचा माणूस इंग्रजी बोलत असे, आणि त्याला ती भाषा कशी आली ही कहाणी अमेरिकन शाळांत फारशी सांगत नाहीत. 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पकडलं आणि स्पेनमध्ये नेऊन विकायला काढलं. तिथून कसाबसा इंग्लंडला आणि मग 1619 मध्ये मायदेशी पोहोचला, तर गाव ओस पडलेलं. गोऱ्यांबरोबर आलेल्या साथीत सगळे संपले होते. त्याच ओस गावाच्या जागेवर पुढच्या वर्षी प्लिमथ वसलं. त्या माणसाने पाहुण्यांना मका कसा लावायचा, जमिनीत मासे पुरून खत कसं करायचं, हे शिकवलं. 1621 च्या शरद ऋतूत पीक चांगलं आलं. तीन दिवस जेवणं झाली. इंग्रज होते पन्नासच्या आसपास, आणि वाम्पानोआग सरदार मासासोइट सुमारे 90 माणसं घेऊन आला होता. त्याच्या लोकांनी पाच हरणं मारून आणली. म्हणजे यजमानांपेक्षा पाहुणे जास्त, आणि मटणही पाहुण्यांचंच!

पुढचं मात्र कडू आहे. मासासोइटच्या मुलाच्या काळात, 1675 मध्ये, जमिनीवरून युद्ध पेटलं. तो मुलगा मेटाकॉम 1676 मध्ये मारला गेला. त्याचं डोकं याच प्लिमथमध्ये खांबावर लावून ठेवलं, ते वीस वर्षांहून अधिक काळ तिथे होतं. त्याच्या पोराला गुलाम म्हणून विकलं. ज्याच्या बापाने हरणं आणली, त्याच्या घराण्याचं हे झालं. 1970 साली प्लिमथच्या 350 व्या वर्षाचा सरकारी समारंभ होता. त्यात वाम्पानोआग समाजातल्या फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं होतं. त्यांनी भाषणात हे सगळं लिहिलं. अधिकाऱ्यांनी ते आधी वाचायला मागितलं आणि हे चालणार नाही म्हणाले. जेम्स समारंभाला गेलेच नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टेकडीवर मासासोइटच्या पुतळ्याजवळ उभं राहून ते बोलले. तेव्हापासून दर वर्षी त्याच दिवशी, त्याच टेकडीवर मूळचे लोक जमतात आणि शोकदिन पाळतात. आमच्या मते अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना हेही कुणी तरी सांगायला हवं. शाळेत कागदी पिसांची टोपी घालून ती घरी येतात, तेव्हा ती टोपी कुणाची, एवढं तरी त्यांना कळावं.

1621 चं जेवण झालं, म्हणून लगेच सण सुरू झाला असं नाही. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी 1789 मध्ये असा एक दिवस जाहीर केला. पुढे जेफरसन अध्यक्ष झाले, तर ते म्हणाले की लोकांनी कधी शुक्र करावा हे सांगणं सरकारचं काम नव्हे. कुठे पाळायचे, कुठे नाही. हा दिवस सगळ्या देशाचा झाला तो एका बाईमुळे, आणि त्या बाई आपल्यासारख्याच एका घरगुती मासिकाच्या संपादक होत्या. म्हणून आम्हांला त्यांच्याविषयी थोडं जास्त लिहावंसं वाटतं.

सारा जोसेफा हेल यांचं नाव. जन्म 1788, न्यू हॅम्पशायरमध्ये. 1822 मध्ये नवरा वारला, पदरात पाच मुलं. लिहून घर चालवायचं त्यांनी ठरवलं. आपल्या इंग्रजी माध्यमातल्या पोरांच्या तोंडी जे मेरीच्या कोकराचं बडबडगीत असतं, ते याच बाईंचं, 1830 चं. 1837 पासून चाळीस वर्षं त्यांनी 'गोडीज लेडीज बुक' हे बायकांचं मासिक चालवलं. त्यात शिवणाचे नमुने, गोष्टी, आणि नोव्हेंबर जवळ आला की टर्की कशी भाजायची, भोपळ्याचा पाय कसा करायचा, हे छापून यायचं. 1827 मध्ये लिहिलेल्या कादंबरीतही त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं अख्खं प्रकरण घातलं होतं. आणि वर्षामागून वर्षं त्या गव्हर्नरांना, अध्यक्षांना पत्रं लिहीत राहिल्या की हा दिवस सगळ्या देशाने एकाच तारखेला पाळावा. कुणी मनावर घेतलं नाही. 1863 मध्ये देशात यादवी युद्ध चालू होतं, भाऊ भावाला मारत होता. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईंनी लिंकन यांना पत्र पाठवलं. थोड्याच दिवसांत, 3 ऑक्टोबरला, लिंकन यांनी फर्मान काढलं. देवाचे आभार माना, आणि ज्या बायका विधवा झाल्या, जी मुलं अनाथ झाली, त्यांची आठवण ठेवा, असा त्याचा आशय. तेव्हापासून दिवस ठरला, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार.

मधे एकदा दुकानदारांनी त्यात हात घातला. 1939 मध्ये शेवटचा गुरुवार महिनाअखेरीला येत होता, नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो एक आठवडा आधी ओढला. अर्धी राज्यं ऐकेनात. शेवटी 1941 च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे जुम्याच्या दिवशी, तिथे खरेदीची जी झुंबड उडते त्यावर आम्ही काही लिहीत नाही. ते पान वेगळं.

तर हा सण कोणाचा? चर्चमध्ये जाणारे त्या दिवशी चर्चमध्ये जातात हे खरं, फर्मानांत देवाचं नाव आहे हेही खरं. पण दिवसाचा जीव जेवणात आणि घरी परतणाऱ्या माणसांत आहे. ज्यू पाळतात, हिंदू पाळतात, कुठलाच धर्म न मानणारेही पाळतात. ना कुठली मूर्ती, ना प्रसाद. अमेरिकेतल्या आपल्या उलमांत यावर दोन मतं आहेत. काही म्हणतात, दर वर्षी ठरल्या दिवशी येणारा गैरमुस्लिमांचा सण आहे, दोन ईदा सोडून आपल्याला तिसरी नको, दूर राहा. काही म्हणतात, ही देशाची रीत आहे, इबादत नाही. जेवण हलाल असेल आणि मनात सणाला दीनचा दर्जा देण्याची नियत नसेल, तर शेजाऱ्यांबरोबर बसायला हरकत नाही. दोन्ही बाजूंना इल्म असलेली माणसं आहेत. आम्ही मुफ्ती नाही. मुलीने आणि जावयांनी त्यांच्या शहरातल्या ज्या आलिमांवर त्यांचा भरवसा आहे त्यांना विचारावं. चिपळूणहून फोनवर फतवा देऊ नये, आणि पुण्याहून आम्हीही देऊ नये.

आम्हांला जास्त काळजी सणाच्या नावाची वाटत नाही, ताटातल्या पदार्थांची वाटते. म्हणून आता सरळ स्वयंपाकघरात जाऊ.

ताटाच्या मध्यभागी टर्की. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. पण नाव बघा कसं फिरलं आहे! इंग्रजांनी त्याला तुर्कांचा ठरवला. तुर्की लोक त्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे आपला. फ्रेंच 'दँद' म्हणतात, तोही हिंदुस्थानचाच. डच 'काल्कून' म्हणतात, ते कालिकतवरून. मिसरमध्ये 'दीक रूमी', म्हणजे रूमचा कोंबडा. उर्दूत 'फीलमुर्ग'. पोर्तुगीज 'पेरू' म्हणतात, आणि आपण पेरू म्हटलं की तिखटमीठ लावून खातो. कुणालाच तो आपला वाटला नाही, प्रत्येकाने दुसऱ्याच्या अंगावर ढकलला. आपल्या देशात तो पोर्तुगिजांच्या गोव्यातून आला. 1612 मध्ये बादशहा जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून नवलाईच्या वस्तू घेऊन दरबारात आला, त्यात टर्कीही होता. बादशहाने त्याच्या मानेच्या बदलत्या रंगांचं वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे हा पक्षी आपल्या घराण्यांना नवखा नाही. बादशहाने तो खाल्ला का, ते विचारू नका.

टर्की हलाल पक्षी आहे, त्यात वाद नाही. वाद आहे जबिह्याचा. तिथल्या मोठ्या बाजारात जे बर्फातले टर्की मिळतात ते कारखान्यातले. विजेचा धक्का देऊन बेशुद्ध केलेले आणि यंत्राच्या पात्याने मान कापलेले. किताबवाल्यांचं अन्न हलाल असल्याचा उल्लेख सूरह माइदामध्ये आहे आणि त्यावरून काही जण बाजारातलं मांस घेतात. पण यंत्र हे किताबवालं कसं, असा दुसऱ्यांचा प्रश्न, आणि तो आम्हांला वजनदार वाटतो. इथे घरातही मतभेद होऊ शकतो. आपले कोकणी लोक शाफई. शाफई मसलकात जबह करताना बिस्मिल्लाह म्हणणं सुन्नत आहे. जावई हनफी असतील तर त्यांच्याकडे ते जाणूनबुजून सोडलं तर जनावर हराम. नवराबायकोने यावरून टेबलावर भांडू नये. दोघांना चालेल असाच टर्की आणावा, म्हणजे मुसलमानाने हाताने जबह केलेला. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हलाल खाटीक भरपूर आहेत, पण टर्की रोज ठेवत नाहीत. दोन-तीन आठवडे आधी सांगून ठेवावं लागतं. विचारताना नुसतं हलाल आहे का असं विचारू नये, कारण उत्तर नेहमी हो असंच येतं. हाताने की यंत्राने, आणि दाखला कुठल्या संस्थेचा, हे विचारावं.

टर्की हलाल आणला म्हणजे ताट हलाल झालं, असं मात्र समजू नका. खरे खड्डे बाजूच्या पदार्थांत आहेत. रताळ्याच्या भाजीवर ते पांढरे फुगीर मार्शमॅलो पसरून भाजतात, लहान मुलं त्यावर तुटून पडतात. त्यात जिलेटिन असतं आणि ते बहुतेक वेळा डुकराचं. गाईच्या किंवा माशाच्या जिलेटिनचे हलाल मार्शमॅलो मिळतात, नाहीतर गूळ घालून रताळी भाजा, कुणाला आठवणही येणार नाही. पावाचे तुकडे मसाल्यात भिजवून जे स्टफिंग करतात त्यात डुकराचे सॉसेज असू शकतात, नसले तरी कोंबडीचं सूप बाजारातलं असतं. ग्रेव्हीत कधी वाईन. भोपळ्याच्या पायची पारी कधी चरबीत मळलेली, ती चरबी कुणाची हे डब्यावर वाचावं. श्रावणघेवड्याची भाजी म्हणून जे ताट फिरतं, ते 1955 मध्ये कॅम्पबेल या सुपाच्या कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी बसवलेलं. मशरूमचं डब्यातलं सूप आणि वर तळलेला कांदा. ते बहुधा चालतं, तरी डबा वाचावा. क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी निर्धास्त खा. ती आपल्या करवंदाच्या मुरंब्याची बहीण आहे.

आणि भोपळ्याचा पाय? त्यात लाल भोपळा, अंडी, आटवलेलं दूध, दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ. सगळा आपलाच मसाला, जायफळ तर कोकणच्या वाडीत पिकतं. घारगे करणाऱ्या हाताला हे अवघड नाही. फक्त व्हॅनिलाच्या अर्कात मद्यार्क असतो. त्यावरही मतभेद आहेत, पण वेलची घातली की मतभेद संपतो आणि चवही वाढते.

आता टर्की शिजवण्याचं. आमच्या ओळखीच्या एक बाई बऱ्याच वर्षांपासून शिकागोजवळ राहतात. त्यांची पद्धत आम्ही विचारून घेतली आहे, ती मुलीला जशीच्या तशी पाठवा.

आठ-दहा माणसांना बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपासचा टर्की पुरतो. बर्फातला असेल तर शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी फ्रिजच्या खालच्या खणात मोठ्या परातीत ठेवावा. चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे बुधवारपर्यंत सुटतो. ओट्यावर ठेवून सोडवू नये, बाहेरून सडायला लागतो आणि आतून दगड राहतो. उशीर झालाच तर थंड पाण्यात बुडवावा, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावं, पौंडाला अर्धा तास. पोटात हात घालून बघावं. काळीज, पोटा आणि मान कागदाच्या पुडीत बांधून आत ठेवलेली असते. पहिल्यांदा करणाऱ्या कित्येक जणी ती पुडी तशीच भाजतात!

तिथले सरकारी अन्नखातं सांगतं की कच्चं मांस नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांनी रोगजंतू पसरतात. आपल्या बायकांना हे पटत नाही, आम्हांला माहीत आहे. धुवायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने, आणि मग मोरी साबणाने घासून.

बुधवारी मसाला. टर्कीचं मांस कोरडं आणि अळणी, छातीचं तर फारच. अमेरिकन लोक मीठमिरी आणि लोणी लावून थांबतात. आपण दोन वाट्या दही, आलं-लसूण, लाल तिखट, धणे-जिरे, घरचा गरम मसाला, लिंबू आणि मीठ असं वाटून लावावं. नुसतं वरून लावून उपयोग नाही. कातडीखाली बोटं घालून ती सैल करावी आणि मसाला आत भरावा, थोडा लोण्यात मिसळून. तंगड्यांना चिरा द्याव्यात. रात्रभर फ्रिजमध्ये.

गुरुवारी सकाळी ओव्हन. आपल्या पुष्कळ मुलींच्या घरी ओव्हन म्हणजे कढया ठेवण्याचं कपाट असतं. आधी त्या बाहेर काढाव्यात. 325 फॅरनहाइटवर बारा ते चौदा पौंडांच्या टर्कीला तीन ते पावणेचार तास लागतात. दह्याचा मसाला करपतो, म्हणून वर ॲल्युमिनियमचा कागद सैल झाकावा आणि शेवटच्या पाऊण तासात काढावा. घड्याळावर भरवसा ठेवू नये. दहा-पंधरा डॉलरचा मांसाचा थर्मामीटर घ्यावा. मांडीच्या जाड भागात हाडाला न लावता खुपसला की 165 फॅरनहाइट दाखवायला हवा, छातीतही तेवढाच. मग वीस मिनिटं तसाच ठेवून द्यावा, रस मांसात बसतो, आणि नंतरच कापावा. पोटात पुलाव भरण्याचा मोह होतो, दिसायला छान दिसतं. पण आतला भात पुरेसा तापेपर्यंत बाहेरचं मांस वाळून जातं. भात वेगळाच करा. नारळाच्या दुधातला पुलाव आणि टर्की, हा जोड ज्यांनी खाल्ला ते बाई सांगतात की बटाट्याचा लगदा कुणी मागत नाही. एक ताकीद आणखी. काही घरांत अंगणात मोठ्या भांड्यात तेल तापवून अख्खा टर्की तळतात. अर्धवट बर्फातला पक्षी उकळत्या तेलात सोडला की तेल उसळून आग लागते, दर वर्षी घरं जळतात. आपण त्या फंदात पडू नये.

आता बोलावणं. शेजारणीला आधीच, आठवडाभर आधी, मोकळेपणाने सांगावं. आम्ही डुकराचं आणि दारूचं काहीच घेत नाही, मांस आमच्या पद्धतीने जबह केलेलंच खातो, म्हणून एक मोठं ताट आम्ही घेऊन येऊ. तिथे पाहुणे पदार्थ आणतात ही रीतच आहे. काय आणू, असं ते स्वतःच विचारतात. त्यामुळे यात कमीपणा काही नाही. दारूचा प्रश्न नाजूक आहे. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसण्याची मनाई आहे, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तेही सांगावं. म्हाताऱ्या बाई बहुधा बाटली काढणारच नाहीत. काढणारच असतील, तर जेवणाला न जाता दुपारी चहाला आणि पायला जावं, मुलगी भेटली याचाच त्यांना आनंद. टेबलावर दुआ म्हणायला ते हात धरतात, तेव्हा आपण शांत बसावं. नंतर प्रत्येकाला विचारतात की या वर्षी तुम्ही कशाबद्दल आभारी आहात. त्याला अल्हम्दुलिल्लाहने सुरुवात करून चार वाक्यं बोलायला आपल्या मुलींना कुणी शिकवावं लागत नाही. जेवण तिथे दुपारी दोन-तीनला सुरू होतं आणि नोव्हेंबर अखेरीला न्यू जर्सीत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे असर आणि मगरीब दोन्ही तिथेच. एक कोपरा आधी मागून ठेवावा.

2001 साली हा गुरुवार 22 नोव्हेंबरला आला, रमजानच्या पहिल्या आठवड्यात. न्यू यॉर्कच्या हल्ल्याला अडीच महिनेही झाले नव्हते, आणि तिथल्या मुसलमानांना रस्त्यावर मान वर करून चालणं कठीण झालं होतं. शिकागोच्या बाई सांगतात, त्या वर्षी शेजारच्या तीन घरांनी आपलं जेवण पुढे ढकललं आणि इफ्तारच्या वेळी आपापली भांडी घेऊन त्यांच्याकडे आले. खजुराने रोजा सुटला आणि मग टर्की कापला. 2033 मध्ये हा गुरुवार पुन्हा रमजानमध्ये येईल. तोवर चिपळूणच्या बाईंची नातवंडं रोजा धरण्याएवढी झाली असतील, इन्शाअल्लाह.

आता फोनवर काय सांगायचं ते. आपल्या गावात दिवाळीला फराळाचं ताट येतं आणि ईदला आपल्याकडून शिरखुर्मा जातो. किती पिढ्या हे चाललं, कुणाचा ईमान त्याने गेला नाही. आपल्या आज्यांना काय घ्यायचं, काय बाजूला ठेवायचं, हे पक्कं माहीत होतं, म्हणून त्या न घाबरता दार उघडत. मुलीला ते पक्कं माहीत आहे का, एवढं विचारा. जबिह्याचं विचारा, नमाजेचं विचारा. ती सांगेल. मग म्हणा, जा, आणि जाताना त्या बाईंसाठी सांदणं घेऊन जा. दोन वर्षांत कुणी तरी तिला जेवायला बोलावलं आहे. त्या परक्या शहरात, बंद दुकानांच्या दिवशी, दार लावून बसलेली मुलगी आम्हांला टर्कीपेक्षा जास्त काळजीची वाटते. आणि पुढच्या वर्षी ती बोलावणार असेल तर बोलावू दे. फक्त एकट्या राहणाऱ्यांना आधी बोलाव म्हणावं, नवे आलेले विद्यार्थी, मशिदीतली म्हातारी जोडपी, ज्यांचं तिथे कुणी नाही असे. कित्येक मशिदी त्या आठवड्यात गरजूंना हलाल टर्की वाटतात. एक टर्की घरात आणि एकाचे पैसे तिकडे, असं करता आलं तर उत्तम.

उरलेल्याचं सांगायचं राहिलं. बारा पौंडांचा टर्की एका जेवणात संपत नाही. दोन तासांच्या आत मांस हाडावरून काढून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावं, तीन-चार दिवस टिकतं. जुम्याला नमाजेहून आल्यावर त्याची बिर्याणी होते, शनिवारी कांदा-मिरची घालून भुर्जीसारखं परतून भाकरीबरोबर. हाडं टाकू नयेत. मोठ्या पातेल्यात कांदा, आलं, काळी मिरी, दालचिनी आणि तमालपत्र घालून मंद आचेवर तीन तास ठेवली की यखनी होते. गाळून डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर डिसेंबरच्या सर्दीखोकल्यात महिनाभर पुरते, आणि एक डबा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनाही देता येतो.